दोन पायऱ्यांमधल्या दहा पायऱ्या

विद्यापीठाकडून पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, तो दिवस मोठ्या उत्साहाचा असतो. पुस्तकांना कव्हरे घातली जातात, नवी वही आणली जाते, वेळापत्रक करून कपाटाच्या दाराला चिकटवले जाते. लग्नामुळे, नोकरीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे राहून गेलेले एम. ए. किंवा एम. कॉम. आता पुरे करायचेच, असा निश्चय झालेला असतो. पहिले पंधरा दिवस पहाटेचा गजर लागतो. मग घरी गणपती येतात, पाठोपाठ मुलांची सहामाही येते, सासूबाईंचे दुखणे निघते. दिवाळीच्या साफसफाईत ती पुस्तके पुसूनसवरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली जातात आणि तिथेच राहतात.

असे झाले की माणूस दोष स्वतःला देतो. 'वय झाले', 'आता डोके चालत नाही', 'आपल्या नशिबात शिक्षण नाही' अशी कारणे तो स्वतःच शोधून काढतो. पण जरा नीट पाहिले तर डोके पूर्वीइतकेच चालत असते. हिशेब चुकत नाहीत, कुणाचे काय देणे-घेणे ते लक्षात असते, मुलांचे गणितही सोडवून दिले जाते. कमी असते ती वेगळीच गोष्ट. 'काय, कुठवर आले?' असे विचारणारे कोणी नसते.

कॉलेजात ही सोय आपोआप होते. शेजारच्या बाकावरची मुलगी वही मागते. कँटीनमध्ये चहा पिता पिता कुणीतरी सांगते की तो तिसरा धडा सोडून दे, परीक्षेत येत नाही. कुणीतरी भांडते की येतो. या भांडणातच तिसरा धडा निम्मा तयार होतो. त्यासाठी कुणी फी भरलेली नसते आणि ती गोष्ट अभ्यासक्रमातही नसते. टपालाने शिकणाऱ्याला पुस्तके मिळतात, प्रश्नपत्रिका मिळतात, शेवटी पदवीही मिळते. फक्त हा शेजारचा बाक मिळत नाही. तो ज्याचा त्याने तयार करावा लागतो. कसा करावा, हे चेन्नईतल्या एका जुन्या वस्तीकडे पाहिले तर चांगले कळते.

तळ्याकाठची वस्ती

मरीना समुद्रकिनाऱ्याला पाठ करून शहराकडे निघाले की थोड्याच अंतरावर तिरुवल्लिकेणी लागते. नावाचा अर्थ कुमुदाच्या फुलांचे पवित्र तळे. इंग्रजांच्या जिभेला हे नाव पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे ट्रिप्लिकेन करून टाकले. इथले पार्थसारथीचे देऊळ फार जुने. जवळच अर्काटच्या नवाबांच्या घराण्याने 1795 मध्ये बांधलेली वालाजा मशीद. देवळाभोवती अरुंद गल्ल्या, फुलांची आणि कॉफीची दुकाने, आणि पायक्रॉफ्ट्स रोडवर, म्हणजे आताच्या भारती सालैवर, जुन्या पुस्तकांचे विक्रेते. हे नवे नाव ज्यांच्यावरून पडले ते कवी सुब्रह्मण्य भारती अखेरच्या दिवसांत याच वस्तीत राहत होते.

शेजारीच चेपॉक. क्रिकेटमुळे आपल्याला हे नाव ठाऊक असते. 1857 मध्ये स्थापन झालेले मद्रास विद्यापीठही तिथलेच. या विद्यापीठाने 1981 मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू केली. पुढे तीच दूरशिक्षण संस्था झाली. तिचे विद्यार्थी दूरदूरच्या गावांत राहतात आणि प्रवेशासाठी, चौकशीसाठी, संपर्कवर्गांसाठी चेपॉकला येतात.

तिरुवल्लिकेणीची आणखी एक ओळख म्हणजे तिथली 'मॅन्शन'. नाव भारदस्त असले तरी हे काही राजवाडे नव्हेत. ओळीने लहान लहान खोल्या, एकेका खोलीत दोघे-चौघे, सामाईक नळ आणि खाली रस्त्यावर खानावळ. तमिळनाडूच्या दूरच्या जिल्ह्यांतून नोकरीच्या शोधात आलेले, सरकारी परीक्षांची तयारी करणारे, दिवसा नोकरी करून रात्री पुस्तक उघडणारे असंख्य तरुण या खोल्यांनी पाहिले. त्यांच्यातले बरेच जण परस्परांना पूर्वी ओळखतही नव्हते. पण एकच वर्तमानपत्र चौघांत फिरले, एकाने आणलेल्या नोट्स दुसऱ्याने उतरवल्या, जेवताना सामान्यज्ञानाचे प्रश्न झाले की परक्याचा सोबती व्हायला वेळ लागत नाही.

अर्थात ही सोय पुरुषांची आणि एकट्यांची. बार्शीच्या किंवा बेळगावच्या घरात बसून एम. ए. करणाऱ्या बाईला मॅन्शन मिळणार नाही. पण मॅन्शन नसतानाही हे जमते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरणही याच वस्तीत घडले आहे.

दोन पाट्या

श्रीनिवास रामानुजन यांना आपण असामान्य गणिती म्हणून ओळखतो. त्यांची दुसरी बाजू आपण विसरतो. ते नापास झालेले आणि कॉलेजबाहेर पडलेले विद्यार्थी होते. गणितापुढे दुसरा विषय सुचत नसे, म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजातही परीक्षेत यश आले नाही. पदवी नाही, नोकरी नाही, शिकवायला कोणी नाही. एका इंग्रजी पुस्तकातली सूत्रे घेऊन ते एकटेच वर्षानुवर्षे गणित करत राहिले. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रवेश न मिळालेला, मार्गदर्शक नसलेला बहिःस्थ विद्यार्थी.

1912 च्या मार्च महिन्यात त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची नोकरी मिळाली. पगार महिना तीस रुपये. तिथले त्यांचे वरिष्ठ एस. नारायण अय्यर हे स्वतः गणित शिकलेले, पूर्वी गणित शिकवलेले गृहस्थ. त्यांचे घर तिरुवल्लिकेणीत, पायक्रॉफ्ट्स रोडवर. कचेरी सुटली की रामानुजन त्यांच्याकडे जात. वरच्या मजल्यावर दोघे बसत, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक मोठी पाटी, आणि रात्री साडेअकरापर्यंत पेन्सिली चालत. त्या आवाजाने घरातल्यांची झोपमोड होत असे, अशी आठवण नारायण अय्यरांच्या मुलाने पुढे सांगितली आहे.

नारायण अय्यर रामानुजनांच्या तोडीचे नव्हते आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. रामानुजन पाटीवर एक पायरी लिहीत आणि झेप घेऊन थेट पुढच्या पायरीवर जात. मधले सगळे त्यांच्या मनात. तेव्हा नारायण अय्यरांनी त्यांना बजावले की माझ्या समजुतीच्या पातळीवर खाली ये, आणि तुझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये निदान दहा पायऱ्या लिहीत जा. मलाच जर हे कळत नाही, तर इतरांना कसे कळणार?

अभ्यासातल्या सोबतीचे सगळे सार या एका मागणीत आहे. सोबती आपल्यापेक्षा हुशार असावा लागत नाही. तो तयार उत्तरेही देत नाही. तो फक्त म्हणतो, 'हे मला कळले नाही, मधले सांग.' मधले सांगायला लागलो की आपल्यालाच कळते की आपण कुठे झेप घेतली आणि कुठे नुसतीच उडी मारून खड्डा टाळला. पुस्तक हे विचारत नाही. भिंतीकडे पाहून पाठ केलेला धडा नेहमी पाठच वाटतो. समोर माणूस बसला की त्यातली भोके दिसतात.

नारायण अय्यर आणि पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी रामानुजनांना धीर दिला. 16 जानेवारी 1913 या तारखेचे पत्र रामानुजनांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पाठवले. हार्डींचे उत्तर आले, त्यात सिद्धता मागितल्या होत्या. म्हणजे त्यांनीही मधल्या पायऱ्याच मागितल्या. त्याला रामानुजनांनी जे उत्तर लिहिले, त्यात आपल्या कामाकडे आस्थेने पाहणारा मित्र तुमच्या रूपाने मिळाला, अशी भावना आहे. ज्याला त्यांनी अजून पाहिलेलेही नव्हते, अशा माणसाबद्दलची ही भावना! पत्रातूनसुद्धा सोबत होते ती अशी.

त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना पंच्याहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. अट एकच, दर तीन महिन्यांनी केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेली ही सवलत मोठी होती. पण त्या तिमाही अहवालाचे मोलही कमी नव्हते. कुणीतरी वाट पाहत आहे, तारीख ठरली आहे, हे माहीत असले की कामाला कडा येते.

टपालाने फिरणारी मासिके

या गोष्टीत पुण्याचाही एक धागा आहे. व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर मद्रास इलाख्यात नोकरी करत. गणिताचे वेड मोठे, पण फिरतीच्या नोकरीत गणिती ग्रंथ कुठून मिळणार? परदेशी मासिके एकट्याला परवडणारी नव्हती. 1907 मध्ये त्यांनी ठिकठिकाणच्या गणितप्रेमींना पत्रे लिहिली आणि वीसएक सभासद जमवून एक मंडळ काढले. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय ठेवले गेले पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात, जिथे रँग्लर र. पु. परांजपे होते.

या मंडळाची रीत फार साधी होती. वर्गणीतून मासिके घ्यायची आणि ती टपालाने सभासदांकडे फिरवायची. 1909 मध्ये त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले. त्यात सभासद एकमेकांना सोडवायला प्रश्न घालत. रामानुजनांचा पहिला शोधनिबंध 1911 मध्ये याच नियतकालिकात आला, आणि त्यांनी घातलेले प्रश्नही त्यात छापले गेले. नारायण अय्यर या सोसायटीचे खजिनदार होते. म्हणजे तिरुवल्लिकेणीतल्या त्या दोन पाट्यांची गाठ एका टपालाच्या मंडळाने बांधली होती.

त्याआधी अमेरिकेत असाच एक प्रयत्न झाला होता. बॉस्टनच्या ॲना टिकनर यांनी 1873 मध्ये घरी राहून शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, शिकणाऱ्याही स्त्रियाच. पुस्तके टपालाने जात आणि शिकवणारी दर महिन्याला विद्यार्थिनीला पत्र लिही. संस्था 1897 पर्यंत चालली आणि तेवढ्या काळात सात हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात शिकल्या. घराबाहेर पडणे ज्यांना कठीण, त्यांना महिन्याचे ते एक पत्र किती आधाराचे वाटत असेल!

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ 1969 मध्ये स्थापन झाले आणि 1971 मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून शिकवणारे विद्यापीठ म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण त्यानेही विद्यार्थ्यांना गटवार शिक्षक नेमून दिले आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहण्याची शिबिरे भरवली. नुसत्या तंत्रावर भागत नाही, हे पहिल्यापासून ओळखलेले होते. आपल्याकडे 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. या विद्यापीठाचीही गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे आहेत आणि तिथे संपर्कसत्रे होतात. संपर्क हा शब्दच मुळी माणसांसाठी आहे. पण बऱ्याच ठिकाणी काय होते? विद्यार्थी येतात, ओळीने बसतात, व्याख्यान उतरवून घेतात आणि गाडी चुकू नये म्हणून घाईने निघून जातात. शेजारी बसलेली बाई आपल्याच तालुक्यातली आहे, हे परीक्षेच्या दिवशी कळते.

सहा जणांचे पावणेदोन रुपये

सोबत टिकते कशावर? नुसत्या गप्पांवर ती फार दिवस टिकत नाही, हा बहुतेकांचा अनुभव आहे. सोबत टिकायला एखादे समाईक काम लागते. याचेही उदाहरण तिरुवल्लिकेणीतच आहे.

1868 पासून या वस्तीत ट्रिप्लिकेन लिटररी सोसायटी होती. संध्याकाळी जमावे, वाचलेले बोलावे, वाद घालावा, एवढाच तिचा व्याप. 1878 मध्ये टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. या पदावर बसणारे ते तिथले पहिले भारतीय. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्यावर टीकेची झोड उठवली. सोसायटीतल्या सहा तरुणांना ते सहन झाले नाही. त्यांतले जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि एम. वीरराघवाचारी हे शिक्षक. बाकीचे चौघे कायद्याचे विद्यार्थी. सुब्रह्मण्य अय्यर तेवीस वर्षांचे, वीरराघवाचारी एकवीस. त्यांनी पावणेदोन रुपये उसने घेतले आणि 20 सप्टेंबर 1878 रोजी 'द हिंदू' या साप्ताहिकाच्या ऐंशी प्रती छापल्या. 1889 मध्ये ते दैनिक झाले, आणि आजही निघते आहे.

कायद्याचे विद्यार्थी पुढे वकिलीला लागले, वाटा वेगळ्या झाल्या. तो भाग महत्त्वाचा नाही. दर आठवड्याला अंक काढायचा म्हणजे दर आठवड्याला भेटावेच लागते, हे महत्त्वाचे. काम ठरले की भेटीला निमित्त शोधावे लागत नाही, आणि मैत्री व्हायची असेल तर ती वाटेत होते.

ताटाची सोबत

रामानुजनांची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. 1914 मध्ये ते केंब्रिजला गेले. हार्डींसारखा सहकारी मिळाला, नाव झाले, 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. विद्येची सोबत याहून मोठी ती कोणती असणार? पण ते कडक शाकाहारी. कॉलेजच्या जेवणघरात सगळे एकत्र जेवत तेव्हा ते आपल्या खोलीत स्वतः रांधून जेवत. त्यात महायुद्ध, थंडी आणि घरापासूनचा दुरावा. 1917 मध्ये ते आजारी पडले, 1919 मध्ये परतले आणि 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासमध्ये वारले. वय अवघे बत्तीस. आजाराची कारणे अनेक असतील. पण त्यांच्या एकाकीपणाचा उल्लेख केल्याशिवाय त्या वर्षांची हकीकत कोणी सांगत नाही.

गणितावर रोज बोलणारा माणूस होता, 'जेवलास का?' असे विचारणारा नव्हता. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन्ही लागतात. म्हणून अभ्यासगट जमवताना चहाचा वेळ वाया गेला असे समजू नये. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची बदली झाली आहे, कुणाची उमेद खचली आहे, हे त्या चहातच कळते. आणि ते कळले तरच गळू पाहणाऱ्याला वेळेवर हात देता येतो.

ओळख कशी जुळवावी?

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. पहिल्या संपर्कसत्राला जाताना फक्त वही-पेन नेऊ नये. चौकशी करण्याची तयारीही न्यावी. आपल्या गावाच्या, आपल्या एस. टी. च्या किंवा लोकलच्या मार्गावरची दोन माणसे शोधावीत. पन्नास जणांशी ओळख करण्याची गरज नाही. दोन किंवा तीन पुरेत. संकोची स्वभावाच्या माणसालाही 'आपण कुठून येता?' एवढे विचारता येते. समोरचाही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो.

भेटीचा वार आणि वेळ पक्की करावी. 'कधीतरी भेटू' म्हटले की भेट होत नाही. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी तीन ते पाच, असे काही ठरवावे आणि दोघेच आले तरी भेटावे. जागा सार्वजनिक वाचनालयाची, शाळेच्या वर्गाची किंवा कुणाच्या घरची. पाळीपाळीने घरी भेटले तर भार एकाच घरावर पडत नाही.

प्रत्येक भेटीला एकाने एक घटक इतरांना समजावून सांगावा. ज्याला कळले नाही त्याने लाज न बाळगता दहा पायऱ्या मागाव्यात. एकमेकांची लिहिलेली उत्तरे वाचावीत, पण नकलून घेऊ नयेत. तयार स्वाध्याय इकडून तिकडे फिरवणारा गट हा अभ्यासगट नव्हे; त्यात वेळ वाचतो, पण परीक्षागृहात प्रत्येक जण पुन्हा एकटाच असतो.

मोबाइल हाताशी आला, तेव्हापासून गट काढणे एका मिनिटाचे काम झाले आहे. चाळीस जणांचा गट निघतो, दोन दिवस नमस्कार-चमत्कार होतात आणि मग त्यात सुप्रभातची फुले आणि परीक्षा कधी याच्या अफवा उरतात. मोबाइल वाईट नाही. दूरच्या गावातल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा तान्ह्या बाळाच्या आईला तोच आधार असतो. पण तिथेही दोघी-तिघींनी वेळ ठरवून एकमेकींशी बोलावे. तासभर आवाज ऐकला तर सोबत होते. शंभर संदेश वाचून ती होईलच असे नाही.

प्रबंधाच्या टप्प्यावर एकटेपणा दुपटीने वाढतो. तोवर सगळ्यांचा अभ्यासक्रम एक असतो. आता प्रत्येकाचा विषय वेगळा. मार्गदर्शक दुसऱ्या शहरात, आणि घरात त्या विषयावर बोलायला कोणी नाही. अशा वेळी दर पंधरवड्याला दोन पाने लिहून एका ठरलेल्या माणसाला वाचायला द्यावीत. तो आपल्या विषयातला नसला तरी चालेल. उलट बरेच. 'हे मला कळले नाही' असे तो मोकळेपणाने म्हणेल. रामानुजनांचे तिमाही अहवाल होते, आपले पंधरवड्याचे असोत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. दूरशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकालाच गोतावळा हवा असतो असे नाही. दिवसभर माणसांच्या गराड्यात असलेली नर्स किंवा कंडक्टर यांना पुस्तकाचा तासभर एकांतच हवा असेल. त्यांना ओढून आणू नये. दार उघडे आहे एवढे कळवून ठेवावे.

घरच्या माणसांनो

या सगळ्यात घरच्यांचाही वाटा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. दहावीतल्या मुलाचे मित्र अभ्यासाला आले की घर त्यांच्या तैनातीला उभे राहते. दूरदर्शन बंद होतो, पोह्यांच्या बशा फिरतात, आजोबा दुसऱ्या खोलीत जातात. पण त्याच घरातली आई एम. ए. करत असेल आणि तिच्या दोन मैत्रिणी पुस्तके घेऊन आल्या, तर काय होते? 'आज काय भिशी आहे का?' असे कुणीतरी हसत विचारते. पोहे तिनेच करायचे असतात, आणि मधूनमधून उठून कुकरची शिट्टीही तिनेच मोजायची असते. तिसऱ्या खेपेला मैत्रिणी यायच्या बंद होतात. कुणी मनाई केलेली नसते, पण गट मोडलेला असतो.

पुरुषांचेही थोड्याफार फरकाने असेच. कचेरीतून दमून आलेला माणूस सुटीच्या दिवशी अभ्यासगटाला निघाला की 'एवढ्या वयात आता कशाला? बढती तर मिळणार नाही' असे ऐकावे लागते. बढती मिळो न मिळो, माणसाला काहीतरी पुरे करायचे असते, हे घराने समजून घ्यायला हवे.

घराला मोठे काही करायचे नाही. महिन्यातले दोन शनिवार दोन तास तिला मोकळे द्यावेत, आणि त्या दिवशीचा चहा दुसऱ्या कुणी करावा. आठवड्यातून एकदा 'कुठवर आले?' असे विचारावे, आणि उत्तर देताना तिने विषय काढला तर दहा मिनिटे ऐकावे. सगळे कळलेच पाहिजे असे नाही. न कळलेले विचारले तर फारच उत्तम. मुलाने आईला 'हे मधले कसे आले?' असे विचारले, तर त्या दिवशीचा तिचा अभ्यास पक्का झालाच म्हणून समजा.

अभ्यासकेंद्र चालवणाऱ्यांनाही एवढे करता येईल. संपर्कसत्राची पहिली पंधरा मिनिटे व्याख्यानाऐवजी ओळखीसाठी ठेवावीत. तालुकावार उभे राहायला सांगावे. ज्यांची हरकत नाही त्यांची नावे आणि फोन क्रमांक एका कागदावर लिहून सर्वांना द्यावेत. याला खर्च नाही आणि वरून परवानगीही लागत नाही.

जुलैत प्रवेश घेतलेल्यांच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे येतील तेव्हा वेळापत्रक जरूर करावे. फक्त त्यात एक ओळ वाढवावी. कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणाकडे बसायचे, ते त्या ओळीत लिहावे. आणि त्या माणसाला त्याच दिवशी फोन करावा.